उप्पु

गिलाव्याला पैसे उरले नाहीत
म्हणून मागची भिंत तशीच विटांची राहिली.
आता लोक विचारतात, मुद्दाम ठेवलीत का, छान दिसते.
मी हो म्हणते.

दिवाळी सरली, हवा कोरडी झाली
की तिच्यावर पांढरं फुटतं.
आधी सांध्यांतून, मग विटांच्या पोटावर,
माझ्या कमरेपर्यंत चढतं आणि थांबतं.
कणकेचे हात कुणी भिंतीला पुसावेत, तसं.

पहिल्या वर्षी मी धुतली.
नळी लावून, खराट्यानं, दोन तास.
संध्याकाळी भट्टीतून आत्ता काढल्यासारखी लाल.
आठ दिवसांत पांढरं परत, दुप्पट.

पुढच्या वर्षी साखर पेठेतल्या दुकानदारानं
पिवळ्या बाटलीतलं ॲसिड दिलं.
भिंत फसफसली, सांधे उकरल्यासारखे झाले,
माझ्या दोन बोटांची कातडी निघाली.
पांढरं गेलं,
आणि संक्रांतीला तिळगूळ मागायला यावं तसं
दारात हजर.

मग भावानं रंग मारला.
तो पापडासारखा सुटून आला.

शेवटी कुंभारीहून रेवणसिद्ध गवंडी.
एका डोळ्यात मोतीबिंदू.
त्यानं भिंत पाहिली नाही,
हाताची पालथी बाजू लावली, तापाच्या पोराला लावतात तशी.
"बांधताना पाणी कुठलं होतं?"

मी बापूंकडं वळले.
खाटेवरून, तोंड फिरवून: "डायहाऊसच्या बोअरचं."

नळ पाचव्या दिवशी यायचा.
आलेलं पाणी हंड्यांत, कळशीत, पिण्यापुरतं.
मालक म्हणाला, बोअर आहे की, ने.
हातगाडीवर दोन-दोन पिंपं,
रात्रपाळी सुटल्यावर.
त्याच पाण्यात विटा भिजल्या, सिमेंट कालवलं,
पंधरा दिवस भिंतीला तेच पाजलं.
घराला आम्ही आमचं पाणी दिलं नाही.

मिठाशिवाय सुताला रंग धरत नाही.
बत्तीस वर्षं बापूंनी पोत्यांनी मीठ ओतलं
तेव्हा चादरींचा लाल लाल राहिला.
घरी यायचे तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर
पांढऱ्या कडांचे डाग, एकात एक.
आई ते एका पाण्यात काढायची.
मला वाटायचं, सगळं असंच निघतं.

"धुऊ नका," रेवणसिद्ध म्हणाला.
"पाण्याच्या खांद्यावर बसून तो बाहेर येतो.
पाणी उडून जातं, तो राहतो.
तुम्ही धुता, म्हणजे त्याला उचलून परत आत ठेवता."
मग वाकून मोरीचा पाइप दाखवला.
सांध्यात एक थेंब
लोंबत होता, पडत नव्हता.
किती वर्षं, कुणास ठाऊक.

पाइप बदलला. हिवाळा, अर्धा उन्हाळा जाऊ दिला.
चैत्रात, भर दुपारी, कोरडा ब्रश घेऊन बसले.
काथ्याचा, तारेचा नाही; तार विटेची साल काढते.
खाली गोणपाट पसरलं,
पायाशी पडू दिलं तर जमीन पिते, भिंत पुन्हा वर ओढते.
खस खस खस.
भुवयांवर पांढरं, ओठांवर पांढरं.
सूप अर्धं भरलं.

बापू काठी टेकत आले.
पाणी चाखून सांगणारा माणूस,
बोट बुडवलं, जिभेला लावलं.
"उप्पु," म्हणाले, तेलुगूत.
"उप्पु," रेवणसिद्ध म्हणाला, कानडीत.
सकाळपासून दोघं भांडत होते, चूक विटेची की पाण्याची.
एवढ्या एका शब्दाला दोघं गप्प बसले.
मी मराठीत लोणा म्हणत होते,
मला कुणी विचारलं नाही.

"आता येणार नाही ना?"
"येईल. दर वर्षी थोडा कमी."
"किती वर्षं?"
त्यानं भिंतीची लांबी पावलांनी मोजली,
परत आला,
आणि चहा मागितला.

सूप अजून माझ्या हातात.
हे कुठं टाकायचं
ते कुणीच सांगितलं नव्हतं.